फोटो खरा होता, दिवस आखाजीचा होता

विमलअक्का,

तुमच्या निधनाची बातमी आमच्या धुळे आवृत्तीत चार ओळींत आली. नाव, वय, मोहाडीतला पत्ता, मागे मुलगा, सून आणि दोन नाती. ती मीच तपासली. त्यात चूक नाही. तुमच्याविषयी 'शहर बसच्या माजी वाहक' एवढंच लिहिलं आहे, तेही बरोबर आहे. निधनवार्तेला याहून जास्त जागा नसते, असं मी तुम्हाला सांगितलं असतं. जागा असते, ती कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवता, असं तुम्ही म्हणाला असतात.

असे वाद आपण पुष्कळ घातले. त्यातला एक मिटायच्या आधी तुम्ही गेलात. वाचकांना तो माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला त्यातली एक गोष्ट माहीत नाही. ती मी तुमच्यापासून लपवली होती.

धुळ्यात शहर बस चालायची तेव्हाची गोष्ट. मोहाडीहून निघून बसस्थानकावरून पांझरा ओलांडून देवपूरला जाणाऱ्या बसवर तुम्ही वाहक होतात. सेवा तोट्यात होती, तोटा महापालिका भरायची, आणि अंदाजपत्रकाच्या प्रत्येक सभेत त्यावर बोललं जायचं. मी धुळ्याच्या कार्यालयात महापालिकेच्या बातम्या करायचो. एका वर्षी मी लिहिलं की या बस रिकाम्या धावतात. सोबत फोटो दिला. देवपूरच्या थांब्यावर उभी असलेली बस, आतली सगळी आसनं मोकळी, आणि दाराजवळच्या आसनावर तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या तुम्ही. शीर्षकही माझंच होतं: 'करदात्यांच्या पैशावर रिकाम्या बसची सैर'. पुढच्या सभेत एका सदस्यानं ते पान हातात उंच धरलं. काही महिन्यांनी सेवा बंद झाली. बंद होण्याला इतर कारणं होती आणि ती आपल्या दोघांनाही माहीत होती. पण सभागृहात उंच धरलं गेलं ते माझं पान.

बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही खाकी गणवेशातच कार्यालयात आलात. वर्तमानपत्राच्या कार्यालयात निवेदन घेऊन येणारे लोक आधी फोटोसाठी ओळीत उभे राहतात. तुम्ही निवेदन आणलं नव्हतं आणि फोटो तर तुमचा आधीच आलेला होता. तुम्ही घडी केलेलं पान माझ्या टेबलावर उलगडलं आणि शांतपणे विचारलंत, "भाऊ, फोटो खरा शे. दिन कोणता व्हता, ते काब्रं नही लिखं?"

कोणता दिवस होता ते मी का लिहिलं नव्हतं? फोटो आखाजीच्या दुसऱ्या दिवसाचा होता.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते. ज्यांना दिवाळीत जाता येत नाही त्याही जातात. गावोगावी झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. मोहाडी-देवपूर बसमध्ये बसणाऱ्या बहुतेक बाया होत्या. देवपूरच्या घरांतून पोळ्या आणि भांडी करणाऱ्या, दवाखान्यांतल्या आया, अंगणवाडीच्या मदतनीस. त्या आठवड्यात त्यातली कुणी साक्रीकडे गेली होती, कुणी एरंडोलकडे. बस रिकामी होती कारण प्रवासी झोक्यावर होते. तुम्ही हे मला दोन वाक्यांत सांगितलंत. वर म्हणालात की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात बस भरलेली दिसली असती तर ती बातमी झाली असती.

मी म्हणालो की दुरुस्ती चुकीच्या मजकुराची छापतात. फोटो चुकीचा नाही, बस त्या वेळी रिकामीच होती. तुम्ही पान घडी करून पिशवीत ठेवलंत आणि ड्युटीवर गेलात.

आता लपवलेली गोष्ट. मी सोनगीरचा. त्या दिवशी मी सोनगीरहून आलो होतो. आमच्या घरी माझ्या दोन्ही बहिणी आखाजीला आल्या होत्या. धाकटीनं मला आग्रहानं तिसरी पोळी वाढली, मोठी म्हणाली की तिच्या सासरच्या गल्लीत आता एक बाई उरली नसेल. मी हसलो, हात धुतले, मोटारसायकल काढली आणि महामार्गानं धुळ्याकडे निघालो. देवपुरात शिरताना थांब्यावर ती बस दिसली. आत कुणी नव्हतं. मी छायाचित्रकाराला फोन केला. माहेरपणानं भरलेल्या घरातून निघून अर्ध्या तासात मी त्याच माहेरपणानं रिकामी झालेली बस पाहिली, आणि मला दोन्हींचा संबंध लागला नाही. बाहेरगावच्या बातमीदाराकडून ही चूक झाली असती तर समजण्यासारखी होती. सोनगीरच्या माणसाला ती माफ नाही. तुम्ही टेबलाशी उभ्या होतात तेव्हा मला हे सगळं आठवलं होतं. म्हणूनच मी दुरुस्तीचे नियम सांगितले.

बस बंद झाल्यावर तुम्हाला देवपूरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात काम मिळालं. म्हणजे ज्या वाटेवर तुम्ही तिकिटं फाडली, त्याच वाटेनं तुम्ही पायी जाऊ लागलात. एके दिवशी तुमचा फोन आला. उद्या सकाळी मोहाडीला या, गाडी आणू नका. मी आलो. सोबत सात-आठ बाया होत्या. मला पायी पाहून त्यातली सुनंदा, जी देवपुरात तीन घरी पोळ्या करते, तिनं विचारलं की भाऊ, तुम्हनी गाडी पंक्चर व्हयनी का. सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत, पण तिला गप्पही केलं नाहीत.

मी वेळ नोंदवायला घड्याळ पाहत होतो. वेळ आम्ही सांगू, पायांकडे बघा, असं तुम्ही म्हणालात. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. अजून दोघी येऊ द्या, मग सोडतो, असं रिक्षावाला म्हणाला. त्या दोघी कधी येतील हे त्यालाही माहीत नव्हतं. जाण्यायेण्याचं भाडं दिलं तर एका घरच्या पोळ्या फुकट केल्यासारख्या होतात, म्हणून सुनंदा थांबली नाही. पुढे तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, अंगठा टाचला आणि बोलणं न तोडता चालत राहिली. पांझरेच्या पुलावर तुम्ही मला सांगितलंत की पुलाच्या अलीकडे तुमची तिकिटं पुरी व्हायची, कारण पूल उतरला की माणसं उतरायला लागायची. एवढंच सांगितलंत. पुलावरून एक जवळजवळ मोकळी मोटार गेली, तिच्यात एकच माणूस होता. तिचा फोटो काढा, असं तुम्ही मला म्हणाला नाहीत. सुनंदा म्हणाली.

मी त्या चालण्याची बातमी लिहिली. ती कापून आतल्या पानावर चौकटीत आली. सभागृहात ते पान कुणी उंच धरलं नाही.

त्यानंतर आपले खरे वाद सुरू झाले. तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी निवेदन घेऊन यायच्या, मी चहा मागवायचो आणि बस परत का येऊ शकत नाही हे तुम्हाला समजावायचो. माझे मुद्दे वाईट नव्हते, आजही मला ते वाईट वाटत नाहीत. गरीब देशातल्या मध्यम शहराकडे पैसा थोडा असतो. नळाला पाणी रोज येत नाही. अशा शहरानं आधी पाइप टाकावा की बस घ्यावी? तुम्ही पाण्यावर वाद घातला नाहीत. तुम्ही म्हणालात की पाणी येतं त्या दिवशी बाईला घरून निघायला उशीर होतो. बस असेल तर तो उशीर रस्त्यात भरून निघतो, नसेल तर मालकीण खाडा धरते. पाणी आणि बस ही मी कागदावर वेगळी खाती केली होती. तुमच्याकडे ती एकाच बाईच्या एकाच सकाळी होती.

तोट्याच्या मुद्द्यावर तुम्ही मला दरवेळी एकच प्रश्न विचारायच्या. "रस्ता फायदामा चालस का, भाऊ?" मी उत्तर द्यायचो की रस्ता सगळ्यांचा असतो. तुम्ही म्हणायच्या, सगळ्यांचा म्हणजे गाडी असलेल्या सगळ्यांचा. मोठ्या शहरात खांबांवरून रेल्वे धावली की त्याला विकास म्हणतात, त्यासाठी कर्ज काढलं तर त्याला गुंतवणूक म्हणतात, आणि मोहाडीच्या बाईसाठी एक बस चालवली की तिच्या आसनांचे फोटो काढतात. हे तुमचे शब्द नाहीत. माझे आहेत, आणि तुमच्याशी वाद घालून घालून माझे झाले आहेत. आजवर ते मी कुठे छापले नाहीत.

एका गोष्टीत तुम्ही चुकत होतात असं मला अजून वाटतं. बायकांना प्रवास फुकट करा, अशी मागणी तुमच्यासोबतच्या दोघींनी एकदा निवेदनात घालायला सांगितली. तुम्ही ती काढून टाकलीत. फुकटची बस पहिली बंद होते, तिकीट घेतलेला माणूस हक्कानं भांडतो, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो की ज्या बाईकडे तिकिटाचे पैसे नाहीत तिनं भांडायचंही नाही का? तुम्ही रागावलात. वाहकाची जात तुमच्यातून गेली नाही, विनातिकीट म्हटलं की तुमच्या भुवया चढायच्या. यावर आपण पुन्हा बोलणार होतो. मी मुद्दे काढून ठेवले होते. ते आता माझ्याकडेच राहिले.

माझी जळगावला बदली झाली तेव्हा मला वाटलं, हे थांबेल. तुम्ही एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत जळगावला यायला लागलात. पहिल्या खेपेला खुर्चीत बसता बसता सांगितलंत की गाडी एरंडोलला जास्त थांबली, नाहीतर अकराची वेळ पाळली असती. मी वेळ दिलीच नव्हती. ती तुम्ही स्वतःला दिली होती. कार्यालयातली नवी मुलं तुम्हाला ओळखायला लागली. बसवाल्या अक्का आल्या, असं ती आतून सांगायची. त्यात थोडी थट्टा होती. मी ती थांबवली नाही, याचीही नोंद इथे असू द्या.

यंदा धुळ्यात बसचा विषय परत आला आहे. शहरासाठी नव्या बस घ्यायच्या की नाहीत यावर हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. तो विषय येताच माझा जुना फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरायला लागला. खाली वाक्य होतं, 'हेच पुन्हा हवं आहे का?' कात्रणात माझं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तारीख कापलेली होती.

तो फोटो घेऊन तुम्ही शेवटच्या आलात. या वेळी चहा नको म्हणालात. मोबाइल माझ्यासमोर ठेवलात आणि बोट स्वतःच्या चित्रावर टेकवलंत. "यामा मीच बसेल शे, भाऊ. बठ्ठा लोक मनाच फोटो दखाडतस अन् मनीच बस बंद करतस."

सगळे तुमचाच फोटो दाखवून तुमचीच बस बंद करत होते. तुम्हाला एक ओळ हवी होती. हा फोटो आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काढलेला आहे, एवढीच. हरकतींची मुदत संपायच्या आत. मी माफी मागावी असं तुम्ही म्हटलं नव्हतं, बसच्या बाजूनं लेख मागितला नव्हता. मी म्हणालो, बघतो. आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मोबाइल उचललात, येते म्हणालात, आणि दाराशी थांबून विचारलंत की बहिणी कशा आहेत. माझ्या बहिणींविषयी मी तुमच्याशी कधी बोललो नव्हतो. तुम्ही सहज विचारलं असेल. सोनगीरच्या माणसाला बहिणी असतात आणि आखाजीला त्या घरी येतात, हा हिशोब तुम्ही पहिल्याच दिवशी केला होता का, हे मला आता कळणार नाही.

आठवड्यानं सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. रात्री छातीत कळ आली, पहाटे सगळं संपलं होतं.

जलदानविधीला मी मोहाडीत होतो. बुद्धवंदना झाली. तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून लोक बसले होते. सुनंदा उशिरा आली. देवपूरचं शेवटचं घर आटोपून चालत आली होती, पदरानं घाम पुसत होती. तिनं हात जोडले आणि माझ्या शेजारच्या बाईला हळूच म्हणाली, "अक्का गई. आते निवेदन कोण लिखी?" माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी लिहून पोट भरणारा माणूस त्या ओळीत बसलो होतो आणि हा प्रश्न मला विचारावा असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना भेटलो. इतक्या जुन्या फोटोची दुरुस्ती आता मागतंय कोण, असं ते म्हणाले. मागणारी तर गेली. मी म्हणालो, म्हणूनच आता ती टाळता येणार नाही. त्यांनी बराच विचार करून स्मृतिलेखाला जागा देऊ केली, पण दुरुस्ती त्यात नको म्हणाले, बातमीदारानं चालू विषयात बाजू घेतल्यासारखं होतं. मी सांगितलं की बाजू मी त्या दिवशीच घेतली होती, रिकाम्या बसखाली नाव घालून. दुरुस्ती नसेल तर लेखही नको. हे छापून आलं आहे, त्यावरून तुम्ही समजून घ्याल की ते कबूल झाले, आणि त्यांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे.

तेव्हा ती ओळ अशी: देवपूरच्या थांब्यावरील रिकाम्या शहर बसचा जो फोटो सध्या फिरतो आहे, तो आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काढलेला आहे. त्या बसचे प्रवासी कोण होते आणि त्या दिवशी कुठे होते, हे बातमीदाराला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतं.

ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला त्यांना माझं सांगणं आहे की आता तो या ओळीसह पाठवा. बसला विरोध करायचा असेल तर खुशाल करा. पैसा नाही म्हणा, आधी पाणी म्हणा. हे वाद मी स्वतः वर्षानुवर्षं घातले आहेत, त्यांना उत्तरं आहेत आणि ती मी देईन. पण बस कुणाला नकोच आहे, बसमध्ये कुणी बसतच नाही, हे माझ्या नावावर यापुढे म्हणता येणार नाही.

काल सुनंदा आणि आणखी पाच जणींना घेऊन मी बस हवी अशी सूचना दाखल केली. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला, आणि दोन ठिकाणी माझी वाक्यं फार लांब म्हणून सुनंदानं ती तोडायला लावली. फुकट प्रवासाची मागणी त्यांनी घातली आहे. तुमचा विरोध मी त्यांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि मागणी ठेवली.

महापालिकेच्या आवक खिडकीवरचा लिपिक मला ओळखतो. भाऊ, बातमी घ्यायला आलात ना, असं त्यानं विचारलं. द्यायला आलो, म्हणालो. त्यानं अर्ज वरपासून खाली वाचला. 'अर्जदाराचा विषयाशी संबंध' या रकान्यात बायांनी 'प्रवासी' लिहिलं होतं. माझा रकाना कोरा होता. संबंध नसेल तर रेघ मारा, चालतं, असं तो म्हणाला. इतकी वर्षं मी प्रत्येक विषयापुढे मनातल्या मनात तीच रेघ मारत आलो होतो. मी लिहिलं: 'रिकाम्या बसचा फोटो छापणारा बातमीदार.' त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. सुनंदानं पोच मागून घेतली, दोनदा घडी घालून पाकिटात ठेवली. देवपुरात पोळ्यांची वेळ झाली होती, त्या निघाल्या.

हरकती-सूचनांवरची सुनावणी गुरुवारी आहे. सभागृहात डाव्या हाताला पत्रकारांसाठी बाक असतो. मी त्यावर बसणार नाही.